घोस्ट नावाचं फोल्डर

आमच्या कामात भुतांसाठी वेगळं फोल्डर असतं. चेष्टा नाही. आमचा लॅपटॉप उघडला की वाघ, बिबट, अस्वल, चितळ, माणूस अशी इंग्रजी नावं दिलेली पिवळी फोल्डरं ओळीनं दिसतात आणि सगळ्यांत शेवटी असतं घोस्ट. गेली अकरा वर्षं ही फोल्डरं मी भरतो. शिक्षण विचाराल तर आठवी, तीही परीक्षेला न बसलेली. या अंकासाठी लिहा असा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, नंबर चुकला नाही ना? नाही म्हणाले. तरी लिहिताना सारखं वाटतंय, मागून कुणीतरी येईल आणि कागद काढून घेईल.

काम आधी समजावून सांगतो. जंगलात कोणकोणती जनावरं आहेत आणि किती, हे बघायला झाडांना कॅमेरे बांधतात. त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढा हिरवट डबा असतो. पट्ट्यानं झाडाला गुडघ्याच्या उंचीवर आवळायचा, तोंड पायवाटेकडे करायचं आणि निघून यायचं. समोर उबदार असं काही हललं की डबा आपोआप फोटो काढतो, अंधार असला तर स्वतःचा उजेड टाकून, आणि खाली तारीख-वेळ छापतो. बॅटरी वाचावी म्हणून आमचे डबे एकदा फोटो काढला की अर्धा मिनिट गप्प बसतात. आठ-दहा दिवसांनी मी जाऊन आतलं कार्ड बदलतो, जुनं कार्ड कॅम्पवर आणतो आणि एकेक फोटो बघून त्या त्या फोल्डरात टाकतो. ऐकायला सोपं वाटतं. पण एका कार्डात हजार फोटो असले तर त्यातल्या नऊशेंत काहीच नसतं. वारा सुटला, तापलेलं पान हललं, की डब्याला वाटतं कुणी आलं. अस्वलाला तर या डब्याचा काय राग आहे देव जाणे, चावून चावून आतली तार बाहेर काढतं. वानरं डोळा लावून आत बघतात. त्यांचे दात मी इतके बघितलेत की एखाद्याची दाढ किडली असली तर मला आधी कळेल.

मी मूळचा जतकडचा. आमच्याकडे झाड दिसलं की त्याच्याखाली एसटी थांबते, इतकी झाडं कमी. मी चंद्रपूरकडे आलो तो जमिनीखालून केबल पुरायच्या खोदकामाला. गोंडपिपरीच्या पलीकडे, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका जंगलातल्या गावापाशी आमची टोळी पोचली आणि मला थंडीताप भरला. टोळीला पुढं जायचं होतं. मुकादमानं मला एका घराच्या पडवीत टाकलं आणि दोन दिवसांत येतो म्हणून गेला. तो अजून यायचा आहे.

ते घर मंगरूभाऊ सिडाम आणि त्यांची बायको झिबलाबाई यांचं. गोंड माणसं. थोडी धानाची शेती, बाकी मोहफुलं, तेंदूपत्ता, जंगल देईल ते. मूलबाळ नव्हतं. झिबलाबाईनं पहिल्या दिवशी पेजेची वाटी माझ्या तोंडाला लावून जे म्हटलं ते मला शुद्धीत नसतानाही ऐकू आलं.

"पी, बापू. कोणाचं लेकरू हायेस मले माहीत नाई, पण माह्या दारात मरू नोको."

बारा दिवस तिनं पेज पाजली. उठून बसायला लागलो तेव्हा गावाबाहेर एका संस्थेचा कॅम्प पडला होता आणि त्यांना कार्डं आणायला पायी फिरणारा माणूस हवा होता. मंगरूभाऊंनीच मला तिथं नेऊन उभं केलं. मला जंगलाची भीती वाटते हे त्यांना ठाऊक होतं. पहिला महिनाभर ते मोबदला न घेता माझ्यासोबत चालले. "पाय आधी टेकव, मंग वजन टाक," म्हणायचे. "जंगलात माणूस आधी ऐकू येते, मंग दिसते." त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर विळ्यानं गेलं होतं. त्या अर्ध्या बोटानं ते दाखवायचे तिकडं मी बघायचो आणि तिथं खरंच काहीतरी असायचं.

कॅम्पच्या मोठ्या मॅडम केरळच्या. आमच्याशी हिंदी बोलायच्या, कागदावर सगळं इंग्रजी. घोस्ट हे नाव त्यांनीच दिलेलं. मी घाबरत घाबरत अर्थ विचारला तर म्हणाल्या, कॅमेऱ्याला कळलं कोणीतरी आलं, पण आपल्याला दिसत नाही, ते सगळं घोस्ट. पूर्ण पांढरा आलेला फोटो, पूर्ण काळा आलेला, धूसर पट्टा, सगळं त्यातच. मी चंद्रपूरच्या बसस्टँडजवळून एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला आणि दोनशे पानी वहीत शब्द उतरवायला लागलो. भीती वाटते त्या गोष्टीचं नाव तरी नीट माहीत असावं, एवढाच हेतू. घोस्ट म्हणजे भूत. फँटम म्हणजे भास, छाया. आमच्याकडे मॅडम त्या जनावराला फँटम म्हणायच्या ज्याची पावलं सापडतात आणि फोटो कधीच येत नाही. मिराज म्हणजे मृगजळ. ॲपरिशन म्हणजे अवचित पुढ्यात उभी राहिलेली आकृती. हॅल्युसिनेशन म्हणजे नसलेलं दिसणं, ते मला तापात झालं होतं. स्पेक्टर, स्पिरिट, इमॅजिनरी. पान भरलं.

मोहाच्या झाडाखाली बसून मी ते पान मंगरूभाऊंना वाचून दाखवलं.

"तुह्या मॅडमच्या इंग्रजीत येवढी नावं हायेत गा भुताले?"

"अजून असतील. माझं पान संपलं."

"मंग एखांदं तरी पायलं असन त्यायनं."

"कुणी नाही पाहिलं. म्हणून तर इतके शब्द."

ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "आमच्यात मेलेला माणूस वापस येते. पण बोलवा लागते त्याले. जिथी शेवटचा होता त्या जागेवर जाऊन, लोट्यात माती घेऊन, नाव घेऊन. बोलावलं का घरात येऊन बसते, पेन होते. नाई बोलावलं तं बिचारा फिरून राह्यते. याले काय म्हंतेत, विचारजो मॅडमले."

पेन म्हणजे त्यांचा देव, आणि घरात परत आलेले पूर्वजही पेनच. मी मॅडमना विचारलं. त्यांनी दोन-तीन शब्द सांगितले, मग स्वतःच मान हलवली. असा शब्द नाही म्हणाल्या. मी वहीत एक ओळ कोरी सोडली.

आता माणूस नावाच्या फोल्डरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाटेवर माणसंही चालतात. कुणी सरपण आणतं, कुणी मोह वेचायला जातं, कुणी कुणाला भेटायलाही जातं. आपला फोटो निघतो म्हटल्यावर गाव बिथरलं होतं. एकानं तर डबा उलटा फिरवून झाडाकडे तोंड करून ठेवला, तीन दिवस आम्हाला साल तेवढी दिसत होती. तेव्हा मॅडमनी नियम केला. माणसाचा फोटो आला तर तो कुणाला दाखवायचा नाही, वनखात्याला नाही, गावाला नाही, आठवड्याच्या आत पुसायचा. ग्रामसभेत उभं राहून हे मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांपुढं बोललो. मंगरूभाऊ मागून म्हणाले, "बापू खोटं नाई बोलत," आणि गावानं ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत मंगरूभाऊ सकाळी टोपली घेऊन निघाले आणि परत आले नाहीत.

गावाबाहेर अर्ध्या कोसावर वाट फुटते. उजवीकडची डांबरी रस्त्याला जाते, तिथून तेलंगणाच्या जीपगाड्या मिळतात. डावीकडची नाल्याच्या जंगलात जाते. डावीकडं वळलं की दहा पावलांवर एक ऐनाचं झाड आहे आणि त्याला माझा डबा बांधलेला होता. म्हणजे माणूस डबा ओलांडून गेला असेल तर तो जंगलात गेला. नसेल तर रस्त्याकडं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव आणि वनखात्याची माणसं नाल्याकडं शोधत होती. मग गार्डसाहेब मला म्हणाले, तुझ्या कॅमेऱ्यात बघ की, या वाटेनं आला नसेल तर उगाच सगळे रान तुडवताहेत.

मी धावत जाऊन कार्ड आणलं. कॅम्पवर लॅपटॉप उघडला. माझ्यामागं गार्डसाहेब, गावचे पाच-सहा जण, दारात झिबलाबाई. भराभर फोटो सरकवले. आदल्या सकाळचे चितळ, मोर, एक पांढरा घोस्ट, मग वाघीण. वाघीण दिसताच मागचे सगळे पडद्याजवळ सरकले. मी पुढं गेलो. मग वानरं, मग नुसतंच रान. माणूस कुठंच नाही. परत मागं जाऊन पाहिलं. नाही.

"माणूस नाही," मी म्हणालो.

"म्हणजे वाघीण गेली, पण हा त्या वाटेनं गेलाच नाही," गार्डसाहेब म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी सांगितलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं.

शोध रस्त्याकडं वळला. जीपवाल्यांना विचारलं. एकाला वाटलं, टोपलीवाला एक म्हातारा बघितल्यासारखा आहे. मिरची तोडायला इकडची खूप माणसं तेलंगणात जातात, काही तिकडंच राहतात. चार दिवसांत गावाचं ठरलं, की मंगरू बायकोला सोडून गेला. टोपली सापडली नाही, कपडा सापडला नाही. माझा कॅमेरा साक्षीला होता.

झिबलाबाईनं ते कधी मान्य केलं नाही, आणि नाकारायला तिच्याजवळ काही नव्हतं. मेला म्हणावं तर कोणती जागा, कुठली माती आणायची? जिवंत म्हणावं तर तो दुसरीकडं नांदतोय. गिरणीवर दळण ठेवताना एक बाई माझ्यासमोर तिला म्हणाली, "काऊन झिबलाबाई, बुढा यंदा मिरची घेऊन येते का मिरचीवालीच घेऊन येते?" बायका हसल्या. झिबलाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "दोघी मिळून तुह्या तोंडात भरू." घरी येऊन मात्र तिनं ते पीठ दोन दिवस उघडलं नाही.

त्याच वाघिणीचा फोटो फार सुंदर आला होता. पहाटेचा उजेड, मान किंचित वळलेली, डोळे थेट डब्याकडं असल्यासारखे. मॅडमनी तो मोठा करून कॅम्पच्या भिंतीवर लावला. पाहुणे आले की विचारतात, हा कुणी काढला? मी म्हणायचो, माझ्या डब्यानं. मला अभिमान वाटायचा हे कबूल करतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मॅडम म्हणाल्या, हार्डडिस्क भरली. दोन वर्षांचं घोस्ट फोल्डर शनिवारपर्यंत रिकामं कर. माणसांचे फोटो आम्ही लगेच पुसतो, पण घोस्ट ठेवून देतो, कधीतरी अभ्यासाला लागतील म्हणून. ते कधी लागत नाहीत.

त्या गुरुवारी सकाळी झिबलाबाई कॅम्पवर आली. कधी येत नसे. भिंतीला टेकून खाली बसली, बरोबर वाघिणीच्या फोटोखाली. मी चहा दिला. तो तिनं बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"बापू, माह्या मनात येक गोष्ट फिरून राह्यली. तुले राग येईन."

"मला कसला राग, बाई."

"तुह्या डब्ब्यात तो आला नाई म्हंतेस. पण तो त्या फाट्यानं गेला असन, तं डब्ब्याले जोहार केल्याबिगर जाणारच नाई."

"कसला जोहार?"

"अगा, तुले माहीत नाई? रोजचं हाये त्याचं. ऐनाचं झाड आमचं मानाचं. त्याले तं जोहार आधीपासूनच होता. तू तिथी डब्बा बांधला तवापासून डब्ब्याले. जाताना येक, येताना येक. मी म्हनलं, कायले त्या प्लास्टिकले हात लावतेस? तं म्हने, येकटाच बसून राह्यला बिचारा, दूरगावचा हाये, आपल्या बापूसारखा."

मी विचारलं, हात कसा लावायचे. ती उठली. कंबरेत वाकली, आणि टेबलावरच्या माझ्या जेवणाच्या डब्यावर समोरून उजवा तळहात सपाट टेकवला. क्षणभर ठेवला आणि कपाळाला लावला.

डब्याचं भिंग बरोबर त्याच जागी असतं.

तिला मी हे सांगितलं नाही. चहा पी म्हणालो, संध्याकाळी घरी येतो म्हणालो. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि घोस्ट उघडलं.

ऐनाच्या झाडाचे फोटो वेगळे काढले. तारखेनं लावले. मोहाचे दिवस आले तसे पांढरे फोटो दिसायला लागले. एक सकाळी सहाच्या सुमाराला, एक दुपारी अकरा-साडेअकराला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच दोन. तिसऱ्या दिवशी दोन. मला आठवलं, त्या उन्हाळ्यात मी मॅडमना म्हणालो होतो, हा डबा बिघडलाय, फार पांढरं काढतो, बदलू या. झाडाच्या बाजूनं येणारा माणूस दिसायच्या आधी त्याचा हात भिंगावर यायचा, भिंग झाकलं की रात्र झाली समजून डबा उजेड टाकायचा, तो त्या तळहातावर आपटून परत फिरायचा, आणि अर्धा मिनिट डबा गप्प बसायचा तेवढ्यात माणूस निघून गेलेला असायचा. रोज दोन वेळा मंगरूभाऊ माझ्या डब्याला नमस्कार करत होते आणि रोज दोन वेळा मी त्यांना भुतांत टाकत होतो.

फोटोतला उजेड कमी करायची एक पट्टी असते, मॅडमनी शिकवलेली. गेले ते परत आले नाहीत त्या सकाळचा फोटो उघडला. पांढराशुभ्र. पट्टी हळूहळू मागं ओढायला लागलो. पांढऱ्याचं राखाडी झालं. मग त्यात लालसर काहीतरी आलं, पेटवलेल्या बॅटरीवर हात ठेवला की येतं तसं. मग रेषा आल्या. आधी एक आडवी, मग तिच्यातून फुटलेल्या दुसऱ्या, नांगरलेल्या शेतासारख्या. मग बोटांची मुळं. पहिल्या बोटाचं पेर नव्हतं.

वहीत मी ॲपरिशन या शब्दापुढं अर्थ लिहिला होता आणि तो मला पाठ होता. त्या सकाळी तो मला समजला. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. त्या हातापुढं बसून राहणं बरं वाटेना.

मग त्या दिवसाचा दुसरा शोधला. दुपारचा. नव्हता. संध्याकाळचा नव्हता. पुढच्या एकाही दिवशी नव्हता. त्याआधी रोज दोन-दोन, आणि त्या दिवशी एकच. सहा वाजून आठ मिनिटं.

वाघीण सहा सत्तावीसची. ती माझ्या मागच्या भिंतीवर होती. दोन्ही फोटो त्याच डब्याचे, त्याच वाटेचे, एकोणीस मिनिटांच्या अंतराचे. एक मी वाघाच्या फोल्डरात टाकला, एक भुतांच्या, म्हणून ते कधी शेजारी आलेच नाहीत. तिनं काय केलं, केलं की नाही, ते कॅमेऱ्यानं पाहिलेलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही. मंगरूभाऊ तिचं नाव घेत नसत, मोठा देव म्हणत. मी वळून त्या डोळ्यांकडं बघितलं आणि मला पहिल्यांदा ते आमच्याकडं बघताहेत असं वाटलं नाही. ते वाटेकडं बघत होते.

मॅडमकडं जायला मला तासभर लागला. दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. सांगायचं होतं की दीड वर्षापूर्वी तुमच्या माणसानं चुकीची साक्ष दिली, एका बाईला टाकलेली ठरवलं, आणि शोध अर्ध्यात फिरवला. नोकरी गेली तर जतला जाऊन मी काय करणार, हेही डोक्यात होतं. त्यातून पुन्हा नियम. हा माणसाचा फोटो. म्हणजे पुसायचा, दाखवायचा नाही, हे गावासमोर मीच बोललेलो.

मॅडमनी ऐकून घेतलं. फोटो पाहिला, पट्टी स्वतः मागंपुढं केली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

"उस दिन मैंने भी देखा था," म्हणाल्या. "मैंने भी घोस्ट ही देखा."

"मॅडम, नियम..."

"नियम उन लोगों के लिए बनाया था ना, भैया? अब उन्हीं से पूछो."

त्यांनी तो फोटो कागदावर काढून दिला. खऱ्या हाताएवढा. माझ्या नोकरीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. अजून झालेलं नाही. रोज सकाळी कॅम्पवर गेलो की माझं नाव फळ्यावर आहे ना, एवढं बघतो.

झिबलाबाई अंगणात धान पाखडत होती. संध्याकाळचं ऊन होतं. सोबत तिचा दीर बसला होता. मी आधीच सांगून टाकलं, की फोटो आहे, माणसाचा आहे, दाखवायचा नाही असं मी गावाला बोललो होतो, तुम्ही म्हणाल तर दाखवतो, नाहीतर इथंच चुलीत घालतो.

"दाव," ती म्हणाली.

कागद तिनं सुपात ठेवला. मग स्वतःचा हात त्यावर टेकवला, बोटाला बोट लावून. तिचा हात लहान पडला. जिथं पेर नव्हतं तिथं तिचं बोट पुढं गेलं, तिथं ती थांबली.

"येतानाचा?"

"येतानाचा नाही, बाई. सगळं शोधलं."

"येकच हाये?"

"एकच."

दीर तोंड फिरवून बसला. कोंबड्या येऊन सुपाच्या कडेचे दाणे टिपायला लागल्या तरी तिनं हाकलल्या नाहीत. मग ती म्हणाली, अगदी हळू, स्वतःशीच, "मंग तिकडंच गेला तो. मले सोडून नाई गेला."

आणि मग रडली. दीड वर्षात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी पाया पडलो. चूक माझी आहे, मी नीट बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, असं काहीतरी पुटपुटलो. तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"आंधळा हायेस तू, बापू. येवढी पेज पाजली, डोळ्यात काई गेली नाई तुह्या." मग कागदाची घडी न घालता तो सुपासकट आत नेता नेता म्हणाली, "उद्या सकाळी येजो. झाड तूच दाव."

झाड तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. गिरणीवरची ती बाईही आली, सर्वांत मागं, डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन. गावचा भूमक, म्हणजे पुजारी, पुढं. ऐनाच्या बुंध्याशी झिबलाबाईनं माती उकरली, पितळी लोट्यात घेतली, आणि मंगरूभाऊंना हाक मारली. गोंडीत. मला गोंडी थोडीच येते. ये, घरी चल, असं ते होतं. जत्रेत पुढं गेलेल्या नवऱ्याला मागून हाक मारावी इतका साधा आवाज. मग सगळे गप्प राहिले, आणि मी इतकी वर्षं ज्या रानाला घाबरत होतो ते रानही गप्प झालं. पान हललं नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. भूमकाला काय दिसलं, मला माहीत नाही. त्यानं मान डोलावली, झिबलाबाईनं लोट्यावर पदर टाकला आणि मागं न बघता घराकडं चालायला लागली. वाट अरुंद होती. चालताना ती एका बाजूला सरकून चालत होती, शेजारी कुणाला जागा ठेवल्यासारखी.

त्या वेळी मी डबा बंद करायला विसरलो होतो. नंतर कार्ड काढलं तर त्यात सगळं गाव आलं होतं. नियमाप्रमाणे मी ते पुसलं. पण आधी प्रत्येक फोटो उघडून सावकाश बघितला. तिच्या शेजारी कुणी दिसतं का, ते नाही शोधलं. तेवढी अक्कल आता आली आहे.

शनिवार उलटून गेला तरी घोस्ट फोल्डर मी रिकामं केलं नाही, आणि मॅडमनी विचारलं नाही. आता मी कोणताही पांढरा फोटो पट्टी मागं ओढल्याशिवाय टाकत नाही. कामाला दुप्पट वेळ लागतो. बहुतेकांत खरंच काही निघत नाही, पान असतं, नाहीतर पाकोळीचा पंख. वहीतली कोरी ओळ कोरीच आहे. मध्ये एक बंगळूरची अभ्यासक मुलगी आली होती, ती म्हणाली मी शब्द शोधून देते. मी म्हटलं राहू दे.

यंदा मोहाच्या दिवसांत झिबलाबाई पुन्हा टोपली घेऊन नाल्याकडं जायला लागली. नको जाऊ म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. "मोह काय तुमच्या कॅम्पवर पडते?" म्हणाली. ऐनाच्या झाडाचं कार्ड आणलं की त्यात पहाटेचे आणि दुपारचे पांढरे फोटो असतात. पट्टी ओढली की लहानसा तळहात दिसतो, पाचही बोटं पूर्ण असलेला. तो माणसाच्या फोल्डरात जातो आणि आठवड्याच्या आत पुसला जातो. तेवढा नियम पाळतो.

फक्त त्या झाडाचं कार्ड आता मी दहा दिवस थांबून आणत नाही. रोज दुपारी बारा वाजता जाऊन काढतो, तिथंच वाटेवर बसून डब्याच्याच छोट्या पडद्यावर उघडतो, आणि दोन आहेत ना ते बघतो.